पार्ट

"बाबा, होईल ना हा सुरू?" सात महिन्यांचं पोट सांभाळत केतकीनं आईचा बंद फोन दुकानाच्या काउंटरवर ठेवला. "माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं बाळंतपणातल्या डिंकाच्या लाडवांची कृती यात बोलून ठेवली होती. तेवढा तिचा आवाज काढून द्या."

शशिकांतनं फोन उघडलाच नाही. आत काय नाही ते त्याला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी हा फोन बंद पडला, तेव्हा बायकोनं तो विश्वासानं त्याच्याकडे दिला होता. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक आपल्या फोनसाठी हातघाईवर आलं, आणि त्याला लागणारी मेमरीची चिप कुठंच मिळेना. घरचाच तर फोन! त्यानं गरम हवेच्या गननं बायकोच्या फोनच्या बोर्डावरची तसलीच चिप अलगद उचलली, दुकानाच्या शिरस्त्याप्रमाणे आधी पुसून कोरी केली आणि गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये बसवली. काम इतकं सफाईदार झालं, की दिवसभर तो स्वतःवरच खूश होता.

बायको मधूनमधून विचारायची, "झाला का हो माझा फोन?"

तो म्हणायचा, "पार्ट मिळत नाही गं."

गेल्या श्रावणात ती गेली. तोवर विचारत होती.

"बाबा?"

गावातल्या कितीतरी मेलेल्या फोनांमधून त्यानं लोकांची माणसं परत काढून दिली होती. आता त्याला लेकीकडे बघवेना.

"पार्ट मिळत नाही गं," तो कसाबसा म्हणाला.

"असू दे, बाबा. आई थांबलीच होती ना? मीही थांबते."