डालून ठेवलेल्या कोंबड्या

"कोंबड्यांनी काय घोडं मारलंय ह्याचं?" साळूबाई रोज करवादायच्या. नातू इंद्रजित पॉडकास्ट करायला बसला, की आवाज नको म्हणून पंखा बंद आणि कोंबड्या भरदिवसा डालग्याखाली. मग हा माइकसमोर तासभर सांगणार, की शहर शेतं गिळतंय, उद्या वीज पुरायची नाही, शेजारी शेजाऱ्याला ओळखत नाही. नुसता बोलघेवडा!

आज बिल्डर आला. माण गावातलं त्यांचं शेवटचं भातखाचर इंद्रजितच्याच नावावर होतं. ते विकलं तर पैसे आणि वर बावधनात फ्लॅटही देतो म्हणाला. 'विकू नको' म्हणून नातवापुढं हात जोडणं साळूबाईंच्या रक्तात नव्हतं; त्या जीव मुठीत धरून उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

इंद्रजितनं कागद वाचून परत दिले. "खाचर विकायचं नाही, साहेब."

बिल्डरची गाडी वळली. मग साळूबाई पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या, "जा, बस तुज्या माइकाम्होरं. आज कोंबड्या मी डालते."