सात दिवसांचा तक्ता

लिफ्टवाल्याने रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या आणि सात दिवसांचा तक्ता पसरला. बेट लांबचं होतं. बारा महिने ऊन, चहूबाजूंनी निळं पाणी आणि काठाकाठाने नारळ. सगळ्या कुटुंबाला निघायला आता तीन आठवडे उरले होते. त्याची रजा मंजूर झाली होती, तीही लेखी, साहेबाच्या सहीनिशी. तो कागद त्याने सगळ्यांना दिसेल असा मधोमध ठेवला होता.

तक्ता त्याने लिफ्टदुरुस्तीच्या कामावरच्या सवयीने आखला होता. लिफ्टच्या मशीनपाशी देखभालीचं कार्ड टांगलेलं असतं, तसेच रकाने: दिवस, काम, वेळ, शेरा, सही. ‘दिवस दुसरा. काचेच्या तळाच्या होडीतून मासे पाहणे.’ ‘दिवस तिसरा. समुद्रात डुंबणे, सकाळ-संध्याकाळ.’ चौथ्या दिवसापुढे नुसतं ‘राखीव’ लिहिलं होतं.

थोरल्या मुलीने विचारलं, राखीव म्हणजे काय. ऐनवेळी काही बिघडलं तर हाताशी एक दिवस असावा, असं त्याने सांगितलं. समुद्रात काय बिघडणार, हे तिने विचारलं नाही. नऊ वर्षांच्या धाकटीने मात्र डुंबून झाल्यावर सही कुणी करायची ते विचारलं, तेव्हा सगळेच हसले. तोही हसला. गडी भलताच खुशीत होता. वीस वर्षं लोकांना वरखाली पोचवणाऱ्या माणसाला एकदाचं स्वतःला कुठेतरी जायला मिळत होतं, मग खुशी होणारच.

बायको समोर बसून धाकटीच्या चष्म्याचा सैल झालेला स्क्रू पिळत होती. ती चष्म्याच्या दुकानात कामाला होती, आणि घरातले चष्मे रविवारीच तिच्या वाट्याला यायचे. तिने तक्त्याकडे एकदा पाहिलं, छान झालाय म्हणाली आणि पुन्हा स्क्रूकडे वळली.

वेळेचा रकाना भरायला त्याला विमानाची नि बोटीची नेमकी वेळ हवी होती. तिकिटं थोरलीने काढली होती. तिने लॅपटॉप त्याच्याकडे वळवला, पण जरा रेंगाळतच.

तिघींच्या जागा एका रांगेत, शेजारीशेजारी होत्या. त्याची शेवटून दुसऱ्या रांगेत, एकट्याची. त्याचं तिकीटही वेगळं होतं, आणि त्यावर खाली लिहिलं होतं की प्रवासाच्या आदल्या दिवसापर्यंत ते रद्द करता येईल. तिघींच्या तिकिटांवर तसं काही नव्हतं. हॉटेलची खोली एकच होती आणि तीत पलंग तीन.

पोर घाईत चुकली, असं त्याला वाटलं. फोन करून सांगितलं की दुरुस्त होतं, एवढं मनाला लावून घ्यायचं नाही, अशी त्याने उलट तिचीच समजूत काढली. थोरलीने आईकडे पाहिलं.

“ती चुकली नाही,” बायको म्हणाली. “मीच सांगितलं तिला तसं.”

मग तिने आवाज न चढवता सगळं सांगितलं. डोंगरावर निघाले होते तेव्हा तो पहिल्याच थांब्यावर बसमधून उतरला होता. तळ्याकाठी जायचं होतं तेव्हा घराच्या जिन्यातूनच परत फिरला. दोन्ही वेळा कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती, आणि त्यांना सोडवू नये असं घरात कुणीच म्हटलं नव्हतं. गेल्या वर्षी समुद्रावर तो मागाहून येणार होता. उद्या येतो, उद्या येतो, असं तो रोज फोनवर सांगत राहिला. धाकटी रोज संध्याकाळी बोटीच्या धक्क्यावर जाऊन बसायची, आणि शेवटची बोट रिकामी झाली की आईचा हात धरून परत यायची. ते त्याला त्या वेळी सांगायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून आजपर्यंत माहीत नव्हतं.

त्याने रजेचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिने तो नीट वाचला, मागची बाजूही बघितली. गेल्या वर्षीचाही असाच होता, असं म्हणून तो होता तिथे ठेवला.

“राग नाही हो माझा,” ती म्हणाली. “फक्त या वेळी वाटेकडे डोळे लावून बसायचं नाही, एवढं ठरवलंय आम्ही. तुम्ही आलात तर आनंदच आहे.”

ते ‘आलात तर’ त्याला लागलं. लावून घ्यायचा आपल्याला फारसा हक्क नाही, हेही त्याच क्षणी कळलं, आणि त्यामुळे जास्तच लागलं. तो तक्त्याच्या कडा बोटाने सरळ करत राहिला.

“मग मी झोपायचं कुठे?” त्याने विचारलं.

“जादा गादी मिळते, बाबा. मी विचारून ठेवलंय,” थोरली म्हणाली. “फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं.”

त्याने घाईने पेन उघडलं. पहिल्या दिवसाच्याही वर, रकान्यांच्या बाहेर थोडी जागा होती. तिथे त्याने लिहिलं: ‘गादी कळवणे.’

धाकटीने आईच्या हातून चष्मा घेतला, डोळ्यांवर चढवला आणि वाकून ते वाचलं.

“गादीवर मी झोपेन. माझा पलंग तुम्ही घ्या,” ती म्हणाली. मग जरा थांबून तिने विचारलं, “पण आदल्या दिवशी तरी नक्की कळेल ना?”