मोटेच्या चामड्याचा सांधा

नूरजहांने दह्याचं गाडगं मांडीवर घट्ट धरलं आणि नवऱ्याला गाडी चालू करायला सांगितलं. विरजण रात्रीच लावलेलं, दही असं सुरेख लागलं होतं की त्याला बोट लावायची इच्छा होऊ नये. ओढ्यापलीकडच्या चिंचेपर्यंत जाऊन दही न मोडता परत आलं तर लेकीला आणायला निघायचं, नाहीतर नाही, हा तिचा कायदा. धामणगाव बढ्यातली सगळी इंजिनं तिच्या नवऱ्याचं, गुलाम रसूल मिस्त्रीचं ऐकत. या कायद्यापुढे मात्र त्याचं काही चालत नव्हतं.

जीप लढाईतली, लष्कराने मोडीत काढलेली होती. भगवानराव देशमुखांनी नागपूरच्या लिलावातून ती आणली, मिस्त्रीने ती पायावर उभी केली. पण स्टिअरिंगचा दांडा मधोमध वाकलेला निघाला. तेवढा भाग कापावा लागला आणि उरलेले दोन तुकडे जोडायला सांधा हवा झाला. भगवानरावांनी टाकी भरून दिली. चाक मनासारखं वळू लागलं की आधी लोणारला जाऊन पोरीला घेऊन ये, असं ते म्हणाले होते.

लेकीचा, गौसियाचा सातवा महिना सरत आला होता. मागच्या खेपेला तिला सर्व्हिस मोटारीच्या मागच्या बाकावर बसवून माहेरी आणलं आणि राजूरच्या घाटातच हादऱ्यांनी पोटातलं मूल गेलं. नूरजहां ते विसरली नव्हती. सासरी बाळंतपण करणारं कोणी नाही, आणि माहेरी आणायचं तर पुन्हा तोच घाट. तिची झोप उडाली होती.

मिस्त्रीने आधी अख्खा लोखंडी सांधा बसवून पाहिला होता. ओढ्यातल्या प्रत्येक गोट्याची लाथ चाकातून थेट मनगटाला बसायची. गाडी भेलकांडली आणि दही नूरजहांच्या पदरात गेलं. मग मोडीतल्या एका लॉरीचा सांधा आणला. तो इतका झिजलेला होता की चाक फिरवलं तरी गाडी जरा विचार करूनच वळायची. तेव्हाही दही सांडलं. घरच्या मांजरीची तेवढी चैन झाली.

आजचा सांधा तिसरा. तुळशीराम माळ्याच्या, विहिरीचं पाणी उपसायच्या जुन्या मोटेचं जाड चामडं गोल कापून मिस्त्रीने दांड्याच्या दोन तुकड्यांमध्ये आवळलं होतं. दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या सैल सोडल्या होत्या. चामडं फाटलंच तर त्या एकमेकींत अडकणार आणि चाक ताब्यात राहणार. मोटेचं चामडं म्हटल्यावर त्याने ते रात्रभर पाण्यात भिजत घातलं होतं. गावात कोणीही तेच केलं असतं.

जाताना गाडी लोण्यासारखी गेली. दही थरथरलं, पण मोडलं नाही. नूरजहां गालातल्या गालात हसली, आणि मिस्त्रीला उगाच तरुण झाल्यासारखं वाटलं. चिंचेपाशी त्यांनी घटकाभर विसावा घेतला. परत येताना ओढ्यात चाकाने असा हिसडा दिला की गाडगंच कलंडलं.

तुळशीरामच्या मळ्यापाशी गाडी थांबवून मिस्त्रीने इंजिनावरचं झाकण उघडलं. इंजिनाच्या धगीने चामडं वाळून पापडासारखं कडक झालं होतं. आता लोखंडच बसवतो, मनगट गेलं तर माझं जाईल, असं तो तणतणला. मनगटासोबत घाटात चाकही हातातून गेलं तर, असं नूरजहांने विचारलं.

तुळशीराम वाफ्यातून उठून आला, चामडं चाचपून हसू लागला. “मिस्त्री, मोट विहिरीत राह्यते. हे बिचारं चुलीपाशी बसून राह्यलं. याले पाणी पाजून काय फायदा? तेल पाज.”

भिजत घाल म्हणून काल सांगणारा हाच होता, हे तो सोयीस्करपणे विसरला होता.

तेल म्हणजे एरंडेल. बैलगाड्यांची चाकं त्याच्यावर चालतात. पण कापसाच्या गाड्या सरकी काढायच्या जिनिंगकडे लागलेल्या, होतं तेवढं तेल त्यांच्याच चाकांना गेलेलं, गावात थेंब मिळेना. मिस्त्री हात हलवत घरी आला आणि तोंड पाडून ओट्यावर बसला. नूरजहांने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग ती आत गेली आणि ज्वारीच्या कणगीमागून फडक्यात गुंडाळलेली बाटली घेऊन आली. एरंडाच्या बिया कुटून, उकळून तिने ते तेल स्वतः काढलं होतं. लेकीची कंबर चोळायला, नातवंडाच्या टाळूवर थापायला.

“हे तर गौसियाचं हाय,” मिस्त्री म्हणाला.

“मंग तिच्याच कामी जाऊन राह्यलं. वता.”

तेल पिऊन पिऊन चामडं पुरतं मऊ झालं, तेव्हा नूरजहां पुन्हा नव्या दह्याचं गाडगं घेऊन गाडीत बसली. ओढा गेला. चिंच आली. मिस्त्रीने गाडी हळू केली आणि वाकून गाडग्यात पाहिलं. दही जसंच्या तसं होतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तो हसला आणि परत फिरायला चाक वळवू लागला.

“वळवता काऊन?” नूरजहां म्हणाली. “सरळ घ्या ना.”

त्याने मागे पाहिलं. मागच्या जागेवर त्याने न ठेवलेली जाड गोधडी होती, तक्क्या होता, भाकरीचं गाठोडं होतं.

“अन् हे दही?”

“पोरीले नेऊन राह्यली.”

मिस्त्रीने चाक सरळ केलं. पुढे वाटेत एक मोठा गोटा आला. नूरजहांने तो पाहिला, आणि गाडग्यावरचा हात काढून घेतला.