दोनदा जेवणारी आई

"मी धाकटा होणार नाही," ड्रायव्हर म्हणाला. "घरात जन्मभर धाकटाच होतो. तुरुंगात तरी मोठा होऊ द्या."

सगळे हसले. सरही हसले आणि त्यांनी ड्रायव्हरला मोठ्या भावाची खुर्ची दिली. समोर, दाराकडे पाठ करून, धाकटा भाऊ म्हणून शिंपी बसला.

रागाच्या भरात भागीदाराच्या डोक्यात इस्त्री घातली म्हणून शिंपी इथं आला होता. इस्त्री गार होती हे देवाचे उपकार, नाहीतर मुक्काम आणखी लांबला असता. चार महिने दर गुरुवारी तो सरांच्या भांडण मिटवण्याच्या वर्गाला न चुकता बसत होता.

वर्गाचा नियम एकच. भांडायला हरकत नाही, पण आपली बाजू मांडण्याआधी समोरच्याची बाजू आपल्या तोंडानं सांगायची. तो 'असंच' म्हणेपर्यंत सांगत राहायची. नळावरची भांडणं आता इतकी लांबत की बादली भरून वाहू लागे. डोकी मात्र फुटत नव्हती.

दाराबाहेर नेहमीचा हवालदार उभा होता, वर्गाकडे पाठ करून. माणूस भारी बोलका. येताजाता कैद्यांची थट्टा करायचा, सतत काहीतरी गुणगुणायचा, कठड्यावर बोटं नाचवायचा. रविवारी पाळी सुटली की चहालाही न थांबता पळायचा. सरांशी मात्र चकार शब्द नाही. दर गुरुवारी त्यांची पिशवी उघडायचा, आतले खडू चाचपायचा, पिशवी परत द्यायचा. खरं तर गुरुवार त्याच्या सुट्टीचा, पण वर्ग सुरू झाल्यापासून ती बदलून तो कामावर यायचा. सरांवर याचा काडीचा भरवसा नाही, असा शिंप्याचा कयास होता.

सरांचंही एक गणित शिंप्याला सुटलं नव्हतं. त्यांच्या घरापासून चालत जाण्यासारखा एक तुरुंग होता, तरी ते दोन बस बदलून इथं यायचे. एकदा विचारलं तर म्हणाले, "तिथं माझं काम नाही."

आज शेवटचा वर्ग. म्हणून सरांनी अवघड भांडण काढलं होतं. दोन भाऊ. वडील पेटीवर देवाची गाणी म्हणायचे. ते गेले आणि थोरला पेटी घेऊन गेला. तेव्हापासून अकरा वर्षं बोलणं बंद. आई त्र्याऐंशीची. दर रविवारी थोरला बाराला जेवायला येतो, धाकटा तीनला. दोघांनाही आई सोबत जेवायला लागते, म्हणून म्हातारी दोनदा जेवते.

"आता तिला ते सोसत नाही," सर म्हणाले. "म्हणते, या रविवारी दोघं एका वेळी आलात तर जेवीन, नाहीतर जेवणारच नाही. बाहेरच्या तीन वर्गांत हे भांडण मी ठेवलं, कुणाला सुटलं नाही. तुम्ही बघा."

ड्रायव्हर सरसावून बसला. "ऐक रे धाकट्या. तुला पेटी वाजवता येत होती, मला नाही. तरी मी उचलली. असंच?"

"नाही," शिंपी म्हणाला.

"तुला वाटलं, मी विकून खाईन."

"नाही."

"मग मी मोठा म्हणून मिरवतो, त्याचा राग."

"तेही नाही."

"अरे बाबा, तू काय त्याचा सख्खा आहेस? म्हण की एकदा 'असंच'. म्हातारी उपाशी राहील."

पुन्हा हसू उसळलं. शिंप्याला स्वतःलाही कळेना, आपण अडून का बसलोय. माप कुठंतरी चुकतंय एवढं त्याला जाणवत होतं. नुसत्या पेटीपायी माणूस अकरा वर्षं गप्प बसत नाही.

"सर, तुम्हीच बसा थोरल्याच्या खुर्चीत," तो म्हणाला.

सरांनी हातातला खडू खाली ठेवला. बोटं रुमालाला पुसली, मग पुन्हा पुसली. ड्रायव्हर उठला, ते बसले. बोलायला लागले ते शिंप्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत. दारावरच्या घड्याळात वेळ बघत असतील, असं शिंप्याला वाटलं.

"मी परगावी होतो. तू दिवसभर उभ्याची नोकरी करून यायचास आणि बाबांच्या उशाशी पेटी घेऊन बसायचास. त्यांचा आवाज गेला होता, नुसते ओठ हलायचे. ते ज्या ओळीवर येतील ती ओळ तू वाजवायचास. शेवटचे दोन महिने तुमच्या दोघांचं बोलणं त्या पेटीतून चाललं होतं. मी सगळं आटोपल्यावर आलो, थोरल्याच्या तोऱ्यात पेटी काखोटीला मारली आणि निघालो. हे दिवस तू कसे काढलेस, हे विचारलं नाही. तुला राग त्या न विचारण्याचा आहे." ते थांबले. "मला ती अजून वाजवता येत नाही. भाता हलवतो, नुसती हवा येते."

दाराबाहेर कठड्यावरची बोटं कधीची थांबली होती.

माप बरोबर बसलं होतं. शिंप्यानं 'असंच' म्हणायला तोंड उघडलं, पण तो शब्द त्याच्या पाठीमागून आला.

"असंच," हवालदार म्हणाला. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं तोंड वर्गाकडे होतं. "पण रविवारी बाराला मला जमणार नाही, दादा. पाळी दोनला सुटते. तू तीनला ये, आणि येताना पेटी घेऊन ये."