हिरवा उजेड

"उपाशी लेकराचे डोळे लखलखतात गं, नलू. त्या तेजाला भुलू नकोस." जात्यावर वाकलेल्या आईचा तो जुना आवाज नलूच्या कानात घुमला, तेव्हा प्रयोगशाळेतले दिवे मालवलेले होते आणि काचेची टाकी हिरवीगार उजळली होती.

टाकीत दगडातून तांबं सोडवणारे जिवाणू होते. नलूनेच त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. पोषण कमी पडलं की त्यांनी उजळून सांगावं, अशी सोय त्यांच्या जनुकात तिनेच केली होती. शोधनिबंधावरून तिचं नाव मात्र प्रयोगशाळेचे प्रमुख असलेल्या धोटेसरांनी खोडलं होतं. स्वतःचं घातलं, पण निबंध पुरता वाचला नाही.

"तेज बघा कसं!" सर टाकी बघायला आलेल्या पाहुण्यांना म्हणाले. "धष्टपुष्ट झालेत. अहो नलूताई, पुतळ्यासारख्या काय उभ्या? खनिजाचा चुरा दुप्पट सोडा."

चुरा म्हणजे त्यांचं काम, अन्न नव्हे; उपाशीपोटी दुप्पट चुऱ्याखाली सगळे मरणार होते, आणि त्यांच्यासोबत सरांची अब्रूही. नुसतं बटण दाबायचं आणि गप्प राहायचं. एवढा सोपा सूड पुन्हा कुठे मिळणार? तिचं बोट बटणावर टेकलं.

"कान फुटलेत का?" सर खेकसले.

हिरवा उजेड तिच्या बोटावर थरथरत होता, तान्ह्याने बोट मुठीत धरावं तसा. तिने हात मागे घेतला.

"ते उपाशी आहेत, सर," ती पाहुण्यांदेखत म्हणाली. "उपाशी असले तरच चमकतात. मीच त्यांना तसं घडवलंय."