डागाच्या जागी

“जुळलं,” म्हणत इस्पितळाचा कारकून मनमोहन विजयकरने हजेरीपटावर बोट ठेवलं. गोळीबाराला तीन दिवस झाले होते. परळच्या इस्पितळात पडलेल्या अनोळखी प्रेतांपैकी चौघांची नावं त्याने शोधून काढली होती. हे पाचवं.

शवागारात तो कधी पाय ठेवत नसे. मृताच्या खिशातल्या कागदावर जी अक्षरं वाचता येत, तेवढी चिठ्ठीवर उतरून त्याच्या टेबलावर येत. ती पक्की धरायची, रक्ताच्या डागाच्या जागी काहीही चालेल असं मानायचं आणि यादीवरून बोट फिरवायचं, ही त्याची रीत. आजच्या चिठ्ठीत सुरुवातीला ‘राम’, मग डाग, शेवटी ‘कर’. गिरण्यांच्या हजेरीपटांत असा गैरहजर एकच निघाला, लालबागचा रामजी महाडकर. कॉलेजांच्या याद्याही आल्या होत्या, पण त्यांच्या गठ्ठ्याची दोरी त्याने सोडलीच नाही. संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या खायला गिरणीवाले जातात, आपल्यासारखे पांढरपेशे गॅलरीतून बघतात, हे त्याचं ठाम मत.

रामजीच्या आईला निरोप गेला. जाईबाई अनवाणीच धावत आली. मनमोहनने तिला पाणी दिलं आणि खाली शवागारात पाठवलं. त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. पण नाव लागलं की पोर बेवारस तरी जात नाही, अशी त्याने मनाची समजूत घातली.

ती भिंतीला धरून परत आली.

“माझा रामजी न्हाय ह्यो.”

मनमोहन चिडलाच. धक्क्याने आयांना ओळख पटत नाही, हे त्याने कालच पाहिलं होतं. सुरुवात जुळते, शेवट जुळतो, माणूस तीन दिवस बेपत्ता. आणखी काय हवं, असं त्याने तिला विचारलं. जाईबाईने सांगितलं, की तिच्या पोराच्या तळहातांना गिरणीतल्या साच्यावरचे, मागावरचे घट्टे आहेत. खाली निजलाय त्याच्या बोटांना शाई आहे.

मनमोहनने चिठ्ठी पुन्हा पाहिली. राम. डाग. कर. त्याचा धाकटा भाऊ, रामदास विजयकर, चार दिवसांपासून मित्राकडे परीक्षेचा अभ्यास करत होता. निदान फणसवाडीतल्या घरी तसं सांगून तरी गेला होता.

जाईबाई मघापासून त्याच्या चेहऱ्याकडे एकटक बघत होती. तिने हळूच त्याचा हात धरला.

“दादा, खाली चला. मी हाय संगं. त्येचं तोंड तुमच्यावानी हाय.”