सरजाबाई नावाची पक्कड

हापशाचा शेवटचा नट काही केल्या पान्याला दाद देईना. कोपरे झिजून तो गोल झाला होता. व्यंकटी मिस्त्रीने मान न वळवता हात मागे केला आणि म्हणाला, "ती पक्कड दे."

"कोन्ती?" जीपवाला नरसिंग पिशवी चाळवत म्हणाला. "सरजाबाई का?"

सरजाबाई समोरच, ओट्याच्या कडेला, रिकामी घागर मांडीशी धरून बसली होती.

जबडा पुढेमागे सरकवून लहानमोठी करता येते, ती ही पक्कड. सरकारी यादीत तिचं इंग्रजी नाव एवढं लांब, की ते उच्चारेपर्यंत नट गंजून जावा. म्हणून व्यंकटीने आपली रीत पाडली होती. नव्या अवजाराने ज्या हापशाला पहिल्यांदा पाणी आणलं, तिथं पहिली घागर भरणाऱ्याचं नाव त्या अवजाराला. पाईपपाना होता गुरुबसप्पा, हातोडी पारूबाई. ही पक्कड पिशवीतून पहिल्यांदा निघाली ती याच ओट्यावर, बहात्तरच्या दुष्काळानंतर. पहिली घागर सरजाबाईची. तेव्हापासून सुनांना, पाहुण्यांना, शिरूरच्या बाजारात भेटेल त्याला ती सांगत आली होती, की सरकारच्या पिशवीत माझं नाव हाय.

लातूर जिल्हा झाला तेव्हा गावाला वाटलं, साहेब जवळ आले, आता पाणीही जवळ येईल. दोन पावसाळे कोरडे गेले आणि आला तो हुकूम. आटलेल्या बोअरचे पाईप काढा आणि उदगीरकडच्या ज्या गावात ओल लागली आहे तिथं उतरवा. व्यंकटीने हे सकाळीच समजावून सांगितलं होतं. पाऊस पडल्यावर परत बसवशील का, एवढंच सरजाबाईने विचारलं होतं. त्यावर तो पाना पुसत बसला होता.

नरसिंग पक्कड हातात घेऊन तसाच उभा राहिला. सरजाबाई उठली, तिने ती त्याच्या हातून घेतली आणि व्यंकटीपुढे धरली.

"घे. मोकळं कर."

व्यंकटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने जबडा सरकवला, नट पकडला. तीन वेढ्यांत हापसा सुटला. मग तीन पायांची लोखंडी घोडी लावून एकेक पाईप वर ओढता ओढता दुपार कलली. शेवटच्या पाईपाच्या टोकाला चिखलसुद्धा नव्हता.

जीप भरून झाल्यावर सरजाबाई जवळ आली.

"व्यंकटी, तिथं पानी लागलं की पहिली घागर भरंल त्या बाईचं नाव ठेव ह्या पकडीला. माझं काढून टाक."

"नाव काढत न्हाईत, मावशी. एकदा ठेवलं ते ठेवलं."

"मग तिथं कुनी इचारलं, ही सरजाबाई कोन, तर काय सांगशील?"

व्यंकटीने पक्कड पिशवीत घातली. तो जीपमध्ये बसला. नरसिंगने गाडी चालू केली.

धूळ खाली बसली. ओट्याच्या मधोमध बोअरचं तोंड उघडं पडलं होतं. एखाद्या वासराचा पाय जायचा, म्हणून सरजाबाईने आपली घागर त्यावर पालथी घातली आणि वर एक धोंडा ठेवला. मग डोक्यावर काही नसताना, सवयीने मान ताठ धरून, ती हळूहळू घराकडे चालू लागली.